आठ टिंबांचा कागद

प्रांजलला वाचता येतं, पण तिचं वाचणं खरं नाही, अशी तिच्या आजीची, धुरपदाबाईची तक्रार होती. ही तक्रार तिनं लेकापाशी केली, सुनेपाशी केली, शेजारच्या रंगुबाईपाशी तर रोजच्या चहाबरोबर केली. झेंडूचे क्रेट न्यायला येणारा टेम्पोवालासुद्धा त्यातून सुटला नव्हता.

“बीकॉम झालीया,” ती म्हणायची. “सणसवाडीला कंपनीत एसीखाली बसून दिवसभर कागदच वाचती. साहेबांचे वाचती, परक्यांचे वाचती. आन् घरातला एक कागद वाच म्हणलं का निम्मं वाचती आन् निम्मं गिळती.”

“तुला काय ठाव ती गिळती ते?” रंगुबाई विचारायची. “तुला येतं का इंग्रजी?”

“इंग्रजी न्हाई येत. टिंब येतं.”

हे टिंबाचं प्रकरण असं होतं. धुरपदाबाई दोन यत्ता शिकली होती. माहेरी खुटबावला, आणि तेही बापाची मेंढरं गावाच्या शिवारात बसलेली असतील तेवढेच महिने. मेंढरं पुढं सरकली की शाळा मागं राहायची. पण तेवढ्यात मास्तरांनी एक गोष्ट छडीनं पक्की करून घेतली होती. टिंब आलं की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढं. पुढच्या साठ वर्षांत बाराखडीतली निम्मी अक्षरं अंधूक झाली, पण टिंब काही तिच्या डोक्यातून गेलं नाही. आणि इंग्रजीतलं टिंबही आपल्याच टिंबासारखं असतं, हे तिला त्या कागदावरून कळलं होतं.

कागद पुढच्या खोलीत भिंतीवर होता, काचेच्या चौकटीत. त्याच्या शेजारी माऊलीचा फोटो, आणि खाली लाकडी फळीवर लाल मखमलीच्या डबीत त्याचं मेडल. माऊली म्हणजे धुरपदाबाईचा थोरला नातू, तिच्या लेकाचा, भैरूचा मुलगा, प्रांजलचा भाऊ. मिल्ट्रीत भरती झाला तेव्हा मिसरूड नीट फुटलं नव्हतं, आणि चोविसाव्या वर्षी, तिकडं काश्मीरच्या कुठल्याशा जंगलात, गोळी लागून गेला. त्याला ह्या फाल्गुनात तीन वर्षं होत होती. गेल्यावर वर्षानं सरकारनं त्याला शौर्याचं मेडल दिलं. ते घ्यायला भैरू आणि त्याची बायको प्रतिभा गाडीत बसून लांब गेली, आणि येताना ही डबी आणि हा कागद घेऊन आली.

मेडल चांदीचं आहे म्हटल्यावर धुरपदाबाईनं पहिल्याच दसऱ्याला ते देव्हाऱ्यातल्या देवांबरोबर चिंच आणि राख लावून घासून काढलं होतं. देव लख्ख झाले तसं मेडलही लख्ख झालं, पण त्याच्या रंगीत फितीला हळद लागली ती लागलीच. “माणसाच्या छातीवर लावायचं ते,” भैरू तेव्हा कळवळून म्हणाला होता. “मग छाती दाखव कुठं हाय ती,” असं म्हातारीनं उत्तर दिलं, आणि तो विषय तिथंच संपला.

तर कागदावर आठ टिंबं होती. तिनं काचेवरून बोट फिरवून दहादा मोजली होती. आणि प्रांजल कागद वाचून मराठीत सांगायची तेव्हा थांबायची फक्त पाचदा. माऊली अमक्या पलटणीतला जवान होता, थांबली. अमक्या तारखेला त्यांची तुकडी जंगलात शोध घ्यायला गेली, थांबली. अचानक गोळीबार झाला आणि दोन साथीदार जखमी झाले, थांबली. माऊलीनं रांगत जाऊन दोघांना दगडाआड ओढून आणलं, थांबली. आणि मग एकदम, त्याला वीरमरण आलं, सरकार त्याचा सन्मान करतं, झालं.

चौथ्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत मध्ये तीन टिंबांची जागा होती, चांगली चार बोटं भरेल एवढी. तिथं काय आहे? गेली दोन वर्षं धुरपदाबाईला हे अधूनमधून टोचायचं आणि ती विसरून जायची. यंदा विसरून चालण्यासारखं नव्हतं, कारण यंदाच्या धुळवडीला माऊलीला देव्हाऱ्यात बसवायचं होतं.

त्यांच्या घरात रीतच होती तशी. आता पाण्याखालची शेती झाली, पाठीमागं भाड्याच्या चार खोल्या झाल्या, पण मुळात ती मेंढरांमागं फिरणारी माणसं. दुसऱ्यासाठी जीव देऊन गेलेला माणूस त्यांच्यात नुसता फोटोत राहत नाही. तीन वर्षं झाली की त्याचा चांदीचा टाक करायचा, म्हणजे दोन बोटांएवढा पत्रा आणि त्यावर त्याचं उठावाचं चित्र. धुळवडीला तो टाक देवांच्या रांगेत वीर म्हणून बसवायचा. आणि बसवताना घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईनं, जमलेल्या भावकीपुढं उभं राहून, तो माणूस कसा गेला ते मुळापासून शेवटापर्यंत सांगायचं. काही सोडायचं नाही. अर्धवट सांगितलं तर वीर अर्धाच बसतो.

धुरपदाबाईच्या सासूनं असं दगडोबाचं सांगितलेलं तिनं नव्या नवरीपणी ऐकलं होतं. दगडोबा सासऱ्याचा चुलता, घोडनदीच्या पुरात मेंढरं आणि दोन माणसं काढताना वाहून गेलेला. सासूनं पाण्याचा रंग सांगितला, शेवटी काढलेल्या काळ्या मेंढीच्या कानाला भोक होतं ते सांगितलं, आणि काठावरच्या लोकांना दगडोबा “दोर सोडा” म्हणाला तेही सांगितलं. ऐकणारी माणसं पापणी लववत नव्हती. आता ती पाळी धुरपदाबाईची होती, आणि तिच्याजवळ होती पाच टिंबं.

हे तिला खरं लागलं ते सोनारापाशी.

खुटबावचा आण्णा सोनार म्हणजे तिच्या माहेरचा, त्याच्या बापापासून ह्या घराचे टाक करत आलेला. धुळवडीला बारा दिवस उरले तेव्हा ती एसटीनं गेली, ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, “माऊलीचा टाक करायचाय.”

आण्णानं चष्मा वर केला. “घोड्यावर का पायी?”

“मिल्ट्रीत आता घोडं कुठलं, आण्णा? आन् आमचा माऊली घोड्याला भ्यायचा. कुणाच्या वरातीचं घोडं दिसलं तरी माझ्या पदराआड.”

“मग पायी. उभा का चालता?”

धुरपदाबाईनं पाण्याचा तांब्या उगाच सरकवला.

“हातात काय?”

“बंदूक.”

“ती खांद्याला लावलेली का खाली धरलेली? तोंड कुणीकडं?”

“एवढं काय इचारतूस?”

“इचारायला लागतं, आक्का. घोडेस्वाराचा ठसा तयार हाय. म्हणत असशील तर अर्ध्या तासात मारून देतो, आजकाल समदे त्योच नेत्यात. पण तुझ्या सासूनं माझ्या बापाला दगडोबाच्या दोराला पीळ किती ते इचारून करायला लावलं हुतं. मी त्या घरात ठशाचा माल दिला तर बाप सपनात येऊन कान धरंल माझा.”

“इचारून येते,” ती म्हणाली आणि उठली. आण्णाच्या बायकोनं चहा टाकला होता, तोसुद्धा घेतला नाही.

परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून ती विचार करत राहिली. माऊली झोपायचा कोणत्या कुशीवर ते तिला ठाऊक होतं. भाकरीचा पापुद्रा आधी खायचा. उजव्या पायाचं करंगळीजवळचं बोट थोडं वाकडं होतं, लहानपणी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवरून पडला होता तेव्हाचं. एवढं सगळं ठाऊक, आणि शेवटच्या घटकेला त्याचं तोंड कुणीकडं होतं, तो उभा होता की आडवा, काही बोलला की तसाच गेला, हे मात्र जगातल्या दुसऱ्याच कुणाला तरी ठाऊक. ह्या गोष्टीचा तिला राग आला. दुःख नंतर आलं, आधी राग.

घरी आल्या आल्या तिनं भैरूला विचारलं. तो ठिबकची नळी जोडत होता.

“मला काय सांगितलं साहेबानं, एका क्षणात गेला म्हणून,” मान वर न करता तो म्हणाला. “काही तरास झाला न्हाई म्हणले.”

“आन् कागदात काय हाय?”

“आये, मी कुठला इंग्रजी वाचतूय? प्रांजलला इचार.”

प्रतिभाला विचारण्यात अर्थ नव्हता. माऊलीचं नाव निघालं की ती उठून काहीतरी आवरायला लागायची. परवा तर तिनं धुतलेली भांडी पुन्हा धुतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांजल कंपनीच्या बसला निघाली होती, गळ्यात कार्ड, खांद्याला पिशवी. म्हातारीनं तिला दारातच धरली आणि चौकटीपुढं उभी केली.

“वाच.”

“आजी, बस चुकेल माझी.”

“चुकू दे. भैरू सोडंल गाडीवर. वाच.”

प्रांजलनं वाचलं. म्हातारीचं बोट काचेवरून सरकत होतं. चौथ्या टिंबापाशी बोट आलं आणि प्रांजलचा आवाज टुणकन उडी मारून तळाला गेला, वीरमरणापाशी.

“पुढं?”

“झालं ना.”

“हितं तीन टिंबं हायत.”

“ते असंच असतं गं आजी. नंबर-बिंबर असतात, ऑफिसचं काहीतरी.”

“नंबर मला वळखू येत्यात. हितं नंबर न्हाई.”

“आजी, तुला एवढंच हवंय ना की तो शूर होता? होता शूर. सगळ्या देशाला माहितीये.” आणि ती निघून गेली. जाताना तिनं चौकटीकडं बघितलं नाही, हे म्हातारीनं बघितलं. खोटं बोलणारं माणूस डोळे चुकवतं, पण ते समोरच्या माणसाचे. कागदाचे डोळे चुकवणारं माणूस धुरपदाबाईनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिची उत्सुकता दुप्पट झाली.

गुरुवारी वीज कमी म्हणून कारखान्यातल्या कामगारांना सुट्टी असते, प्रांजलच्या ऑफिसला मात्र रविवारी. त्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून तिनं चौकट खिळ्यावरून उतरवली, पदराखाली घेतली आणि मागच्या खोल्यांकडं गेली. चार नंबरच्या खोलीत बिहारचा एक भाडेकरू राहायचा. कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, भाडं पाच तारखेला द्यायचा, आणि त्याचा सख्खा भाऊ फौजेत होता. तिच्या दृष्टीनं ही तिन्ही लायकीची लक्षणं होती.

“ए भय्या, ये कागद देख. इंग्रजी आता क्या?”

“थोड़ा-थोड़ा आता है, अम्मा.” त्यानं हात पुसून चौकट मांडीवर घेतली. माऊलीचं नाव दिसल्यावर चौकट कपाळाला टेकवली, मग मोबाईल काढला. “मोबाइल से हिंदी हो जाएगा.”

“समदा नको. ये चार टिंब के बाद का सांग. हितनं.”

काचेवर उन्हाची तिरीप पडली होती. मोबाईल अर्धे शब्द धरायचा, अर्धे सोडायचा. त्यानं चौकट इकडं वळवली, तिकडं वळवली. “घायल… जांघ… फिर… इनकार कर दिया.”

“इनकार म्हंजी?”

“मना कर दिया, अम्मा. माऊली भाई ने मना कर दिया.”

“किसको? कायको मना किया?”

“वही देख रहा हूँ, रुकिए, काँच चमक रहा है, निकाल दूँ क्या पीछे से…”

पण तिनं चौकट त्याच्या मांडीवरून उचलून घेतली होती. “ऱ्हाऊ दे. बास झालं.”

“अरे अम्मा, दो मिनट…”

“बास म्हणलं ना. जेवण कर तुझं.”

घराकडं येताना तिनं चौकट पदराखाली दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. न्हाई म्हणला. मिल्ट्रीत काय होतं ते तिला तेवढंच ठाऊक होतं जेवढं भरतीच्या वेळी माऊलीनं सांगितलं होतं. “आजी, तिथं न्हाई म्हणायचं नसतं. साहेब म्हणला उडी मार, तर मारायची.” मग हा कशाला न्हाई म्हणला? पुढं जायला? गोळी झाडायला? आणि तसं असेल तर ते परक्या माणसाच्या तोंडून, चार नंबरच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून, तिला ऐकायचं नव्हतं. घरातलं उणं असेल तर ते घरातल्याच माणसानं सांगावं.

दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. रंगुबाई विचारायला आली की धुळवडीला भावकीतली माणसं किती, पुरणाची डाळ किती भिजवायची. “आल्यावर बघू,” एवढंच उत्तर मिळालं. रंगुबाईनं बाहेर जाऊन सांगितलं की म्हातारीचं काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतंच. तिच्या मनात एक सोपी वाट सारखी डोकावत होती. घोडेस्वाराचा ठसा आणावा. भावकीपुढं पाच टिंबांचं सांगावं. कुणाला काय कळतंय? गावच्या वेशीतल्या कमानीवर माऊलीचं नाव आहे, सव्वीस जानेवारीला शाळेची पोरं फुलं वाहतात, मेडल घरात आहे. कोण विचारणार आहे मधल्या चार बोटांचं? पण देव्हाऱ्यापुढं उभी राहून आपण हे बोलतोय असं ती मनात आणायची, आणि दर वेळी त्या चार बोटांच्या जागी येऊन तिची जीभ अडायची.

रविवारी सकाळी झेंडू तोडायला ती आणि प्रांजल दोघीच रानात होत्या. बाया लग्नाला गेल्या होत्या, भैरू मोटारीकडं गेला होता. दोन सऱ्या तोडून झाल्या. तिसऱ्या सरीला तिनं क्रेट बाजूला ठेवला.

“प्रांजे, माऊली न्हाई कशाला म्हणला?”

प्रांजलचा हात फुलावरच राहिला. “तुला कुणी सांगितलं?”

“म्हंजी म्हणला.”

“आजी…”

“लढायला न्हाई म्हणला का? भ्याला का त्यो? तसं असंल तर तसं सांग. मी सोनाराकडं जाणार न्हाई, देव्हाऱ्यात बसवणार न्हाई. पर नातू हाय माझा, भिंतीवर ऱ्हाईल. लबाडीनं मात्र मी त्याला देवात न्हाई बसवायची.”

प्रांजल वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून धुरपदाबाई अर्धं पाऊल मागं सरली.

“भ्याला? आजी, तू काय बोलतेस हे? भ्याला असता तर बरं झालं असतं. भ्यायला पाहिजे होतं त्यानं.”

“मग सांग की.”

प्रांजल सरीच्या बांधावर बसली. तिनं सांगितलं ते कागद पुढं नसताना, शब्दन् शब्द, पाठ म्हटल्यासारखं. दोघांना दगडाआड ओढताना त्याच्या मांडीला आणि पोटाला गोळी लागली. खालून माणसं त्याला न्यायला आली तेव्हा त्यानं मागं जायला नकार दिला. ते दोन जखमी खाली सुखरूप पोचेपर्यंत, चाळीस मिनिटं, तो दगडाला टेकून गोळीबार करत राहिला.

“चाळीस मिनटं,” धुरपदाबाई म्हणाली.

“हो.”

“भैरूला तर एका क्षणात म्हणले.”

“असंच सांगतात सगळ्यांना. आई-आप्पांना तेच वाटू दे म्हणलं मी. म्हणूनच नाही वाचलं.”

“तेवढ्यासाठीच का?”

प्रांजलनं मातीतला एक खडा उचलला, दुसऱ्या सरीत टाकला. मग बोलली तेव्हा तिचा ऑफिसातला आवाज गेला होता.

“त्यांनी त्याला चल म्हणलं, आजी. माणसं आली व्हती. खाली डॉक्टर व्हता. त्या दोघांतल्या एकाला मी फोन केला हुता, त्यो सातारकडचा हाय. इचारलं, तवाच आला असता तर वाचला असता का. बाकी समदं सांगितलं त्यानं, ह्याला बोललाच न्हाई. फोनवर नुसता गप्प बसला, मग रडला. मला कळलं त्याच्यातनं. माऊली मला म्हणला व्हता का नाही, मार्चात येतो, तुझ्या परीक्षेला मीच सोडणार पुण्याला. आन् त्यांनी चल म्हणल्यावर ह्यो न्हाई म्हणतो. दुसऱ्या कुणाला न्हाई, आपल्याला न्हाई म्हणला त्यो. आईला न्हाई म्हणला. ती ओळ मी वाचायची? आन् तुम्ही टाळ्या वाजवायच्या?”

वारा नव्हता. मोटारीचा आवाज तेवढा येत होता. धुरपदाबाई तशीच उभी होती. चाळीस मिनिटं म्हणजे किती, ते तिच्या डोक्यात आपोआप मापलं जात होतं. चाळीस मिनिटांत तिनं दहा भाकरी थापल्या असत्या. चाळीस मिनिटांत ह्या दोन सऱ्या झाल्या होत्या, मघाच्या. एवढा वेळ मांडीतून रक्त जात असताना त्या पोरानं काय बघितलं असेल समोर? तरी तिचे प्रश्न थांबेनात. तिचा स्वभावच तो.

“उभा व्हता का बसलेला?”

“काय?”

“चाळीस मिनटं. उभा का बसलेला?”

“बसलेला. मांडीत गोळी होती, उभा कसा राहील? दगडाला पाठ लावून.”

“पाठ लावून, मग तोंड कुणीकडं?”

“वरच्या अंगाला. तिकडून येत होते ना ते. तो सातारचा म्हणाला, एक गुडघा वर होता आणि त्यावर बंदूक टेकवलेली.”

“आन् न्हाई म्हणला ते कसं म्हणला? हिंदीत का?”

“मराठीत. सगळे आपल्याकडचेच होते.” प्रांजलनं ओढणीनं नाक पुसलं. “‘मी न्हाई येत, आधी ह्यांना न्या’ म्हणाला. त्यांनी परत धरलं तर हात झटकला. मग शिवी दिली.”

“कुठली?”

प्रांजलनं शिवी सांगितली. म्हातारीनं ती ऐकली आणि मान हलवली. ती शिवी दगडोबापासून ह्या घरातल्या सगळ्या गड्यांच्या तोंडी होती. आडमुठ्या मेंढ्याला घालायची शिवी. त्या जंगलात, त्या वेळी, माऊलीच बोलला होता ह्यात आता तिला कसलीच शंका उरली नाही. ती खाली बसली. एकदा म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला, मग पदर काढून पुन्हा कमरेला खोचला.

“उद्या खुटबावला जाते,” ती म्हणाली. “बसलेला, एक गुडघा वर.”

“टाकात बसलेला वीर असतो का?”

“नसतो. आता असंल. आण्णा कुरकुर करंल, करू दे. भावकी नाक मुरडंल, मुरडू दे.”

“आणि आईला काय सांगणार? ती मरेल ऐकून.”

“तुझी आय तीन वर्सं भांडी घासतीया, घासलेलीच. एका क्षणाचं तिला खरं वाटलं असतं तर घासली असती का? तिला मी आधी सांगन, चुलीपाशी, आम्ही दोघीच. ते माझ्याकडं.”

प्रांजल उठायला लागली तसा म्हातारीनं तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवली. निवाडा द्यायचा तो बसून द्यायचा, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून.

“आता ऐक. त्याचा राग आलाय तुला, तो ठेव. मलाबी आलाय, आत्ताच आलाय, आन् मी काय त्याच्या न्हाईला आरती ओवाळायला चालले न्हाई. आयबापाला जपलंस, त्याचंबी मी काय म्हणत न्हाई. पर त्या कागदावर समदं दुसऱ्यांनी लिवलंय, माऊली असा आन् माऊली तसा. त्याच्या सोत्ताच्या तोंडचं तेवढं एकच हाय, न्हाई म्हणलेलं. आन् दोन वर्सं तू नेमकं तेच गिळलंस. तिथं चुकलीस तू, प्रांजे. धुळवडीला मी समदं सांगणार, मांडीला लागल्यापास्नं शिवीपत्तूर. तू माझ्या शेजारी उभी राहायचं, आन् मी कुठं गिळायला लागले तर भावकीपुढं मला टोकायचं.”